कचेरीचा शनिवार

आमच्या तालुक्याचा आठवडे बाजार शनिवारचा. इ. स. २०२० पूर्वी शनिवारी सकाळी एस्.टी.च्या स्थानकावर जो कोणी उभा राहिला असेल, त्यास आठवत असेल की, खेड्यांवरून येणाऱ्या गाड्यांतून उतरणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या हाती दोन पिशव्या असत. एक बाजाराची, रिकामी व घडी घातलेली. दुसरी कागदांची, तिच्यात सात-बाराचे उतारे, बँकेचे पुस्तक, आधारकार्डाची नक्कल आणि कसला तरी अर्ज. मनुष्य प्रथम कचेरीकडे जाई, बारनिशीत अर्ज देई अथवा नकलेची चौकशी करी, आणि मग भाजी, मीठमिरची, बी-बियाणे असे सामान घेऊन तिसऱ्या प्रहरीच्या गाडीने घरी परते. आता शनिवारी एकच पिशवी दिसते. दुसरी पिशवी आठवड्यातील निराळ्या दिवशी, निराळ्या भाड्याने आणि बुडालेल्या रोजाच्या खर्चाने येते. ह्या दुसऱ्या पिशवीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

राज्य शासनाच्या कचेऱ्यांस पाच दिवसांचा आठवडा लागू करण्याचा ठराव मंत्रिमंडळाने १२ फेब्रुवारी २०२० रोजी केला व २९ फेब्रुवारी २०२० पासून तो अमलात आला. तत्पूर्वी महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार तेवढा सुटीचा असे. पोलीस, अग्निशमन, सरकारी रुग्णालये, शाळा इत्यादींस ह्या नियमातून वगळले. त्या वेळी शासनाने जो हिशेब प्रसिद्ध केला तो वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. पूर्वी वर्षास साधारणपणे २८८ दिवस काम चाले, रोज ७ तास १५ मिनिटे. एकूण २,०८८ तास. नव्या व्यवस्थेत २६४ दिवस, रोज ८ तास. एकूण २,११२ तास. म्हणजे आठवडा आखूड झाला तरी वर्षाचे काम २४ तासांनी वाढलेच. हा हिशेब बरोबर आहे. आम्ही तो कागदावर पुन्हा करून पाहिला व त्यात एका मिनिटाचीही चूक आढळली नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्या दिवशी ही वार्ता आली त्या दिवशी आम्ही महसूल खात्यातच होतो, आणि कचेरीत जे पेढे वाटले गेले त्यांतील दोन आम्हीही खाल्ले. कारकुनाचे जिणे बाहेरून दिसते तितके सुखाचे नसते. निवडणूक आली की मतदारयाद्या, अतिवृष्टी झाली की पंचनामे, मार्च आला की वसुली. ह्या कामांत रविवार कधी उगवला व कधी मावळला हे कळत नसे. विश्रांती मागणे हा काही गुन्हा नव्हे. आपल्या देशात आठवड्याची सुटी ही आकाशातून पडलेली नाही. जोतीराव फुले ह्यांचे सहकारी व ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून खटपट केली, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आणि शेतकऱ्यास तरी विश्रांतीचे वावडे कोठे आहे? कित्येक गावी सोमवारी औत जुंपीत नाहीत. ज्या समाजाने बैलाच्या खांद्याची काळजी वाहिली, त्याने कारकुनाच्या पाठीचा हेवा करावा हे शोभणारे नाही. तेव्हा सुटीविरुद्ध आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती मोजमापाविषयी.

शासनाने तास मोजले. शेतकरी तास मोजीत नाही, तो हेलपाटे मोजतो. त्यास कचेरी रोज आठ तास उघडी असली काय अन् सव्वासात तास असली काय, सारखेच. तो ज्या दिवशी येऊ शकतो त्या दिवशी ती उघडी आहे की नाही एवढेच त्यास पाहावयाचे असते. वाढविलेली पाऊण घटका म्हणा वा पाऊण तास म्हणा, तो दिवसाच्या कोणत्या भागात वाढला हेही पाहावे. पूर्वी मुंबईबाहेरील कचेऱ्या सकाळी १० वाजता उघडून सायंकाळी ५-४५ ला मिटत. आता ९-४५ ला उघडून ६-१५ ला मिटतात. म्हणजे पाव तास सकाळचा व अर्धा तास संध्याकाळचा. आमच्या बाजूच्या गावांस जाणारी शेवटची सोयीची गाडी साडेपाचास सुटते. सहा वाजता कचेरीच्या पायरीवर कोण शेतकरी उभा असणार? जो असेल त्यास रात्री स्थानकावर मुक्काम करावा लागेल. हा अर्धा तास हजेरीपटात खरा असेल, लोकांच्या उपयोगात तो नाही. उलट जे २४ दिवस गेले, ते म्हणजे पहिला, तिसरा व कधीमधी येणारा पाचवा शनिवार. आमच्या तालुक्यात तर ते बरोबर बाजाराचे दिवस होते.

आता एका हेलपाट्यास काय पडते ते पाहू. गाडीभाडे हा सर्वांत लहान भाग होय. त्यातही सवलती झाल्या आहेत. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस २०२२ पासून एस्.टी.चा प्रवास विनामूल्य झाला व २०२३ पासून स्त्रियांस निम्मे भाडे पडू लागले. तेव्हापासून कित्येक घरांतून कागदाच्या कामास आजोबांस धाडण्याची रीत पडली आहे. खातेदार तेच असल्यामुळे सहीचीही सोय होते, हे गमतीने का होईना पण खरे आहे. परंतु खरा खर्च रोजाचा. कोळपणीस वाफसा दोन दिवस टिकतो. त्यातला एक दिवस गेला की तण हातचे जाते. शेतीपंपाची वीज दिवसपाळीची असेल त्या आठवड्यात पाणी भरावयाचे की तालुक्यास जावयाचे, हा पेच प्रत्येक बागाईतदारास ठाऊक आहे. बाजाराचा दिवस घरातून एक माणूस जाणारच, हे गृहीत धरून शेताचे काम लावलेले असते. त्याच दिवशी कागदाचे काम झाले तर तो दिवस दोन कामांस लागला. ते निराळ्या दिवशी नेले की घराचा आणखी एक दिवस मोडतो.

पीककर्जाचे उदाहरण घ्या. बँकांनी १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार बंद ठेवून बाकीचे शनिवार पूर्ण दिवस काम करण्याचे मान्य केले होते. त्यामुळे २०१५ ते २०२० ह्या काळात बँकेचे व कचेरीचे शनिवार बरोबर जुळत असत. शेतकरी महिन्याच्या पहिल्या शनिवारी बँकेत जाई, तेथे अमुक एका फेरफाराची नक्कल आणा असे सांगितले की तसाच उठून कचेरीत येई आणि बहुधा त्याच दिवशी, नाहीतर पुढल्या खेपेस, काम उरके. २०२० नंतर हा सांधा निखळला. ज्या शनिवारी बँकेचे दार उघडे त्या शनिवारी कचेरीस कुलूप. मार्च २०२४ मध्ये बँकांचा संघ व तेथील कर्मचारी संघटना ह्यांचेही पाच दिवसांच्या आठवड्यावर एकमत झाले. सरकारच्या संमतीची अट मात्र त्यास होती. सगळीच दारे एकाच दिवशी मिटली तर निदान गैरमेळ तरी उरणार नाही, असे कोणी विनोदाने म्हणेल. पण मग बाजारास आलेल्या मनुष्याने त्या दिवशी बाजाराखेरीज दुसरे काही करूच नये, असा त्याचा अर्थ होईल.

हा भुर्दंड केवळ खेड्यावर पडत नाही. तालुक्याचे गाव जगते ते तेथे येणाऱ्या माणसांवर. कचेरीच्या आवाराबाहेर अर्जनवीस, मुद्रांक विक्रेते, झेरॉक्सची दुकाने, चहाची टपरी, वडापावची गाडी, असा एक लहानसा बाजारच वसलेला असतो. शनिवारी ह्या मंडळींची कमाई इतर दिवसांच्या मानाने चांगली होत असे, कारण कागदाचे गिऱ्हाईक व बाजाराचे गिऱ्हाईक एकच असे. आता शनिवारी कचेरीच्या बाजूच्या रस्त्यावर शुकशुकाट असतो व बाजारपेठेच्या बाजूस गर्दी. ह्याच्या उलट बाजूसही थोडे माप टाकले पाहिजे. कामाच्या माणसाचा खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या दिवसावर जातो. बुधवारी आलेला मनुष्यही चहा पितोच. परंतु बुधवारचा मनुष्य घाईत असतो. तो बी-बियाण्यांच्या दुकानात भाव विचारीत बसत नाही, पोराला वही-चप्पल घेत नाही. काम झाले की पहिली गाडी धरतो. टपरीवाल्याचे फारसे बुडाले नसेल, कापडवाल्याचे व भांडेवाल्याचे बुडाले असावे, असा आमचा अदमास आहे.

दुसरा प्रकार पगाराच्या पैशाचा. तालुक्याच्या कचेऱ्यांतील बराच नोकरवर्ग जिल्ह्याच्या गावी बिऱ्हाड करून राहतो, हे उघड गुपित होय. पूर्वी शनिवारी काम असे त्या आठवड्यात हा वर्ग तालुक्यात सहा दिवस वावरे. आता शुक्रवारी संध्याकाळी तो जातो तो सोमवारी येतो, व दोन दिवसांची खरेदी जिल्ह्याच्या गावी होते. उलट जे कारकून-तलाठी स्वतः शेतकऱ्याचे मुलगे आहेत, ते दोन दिवस गावी जाऊन आपल्या शेतात राबतात, आईबापांचे औषधपाणी पाहतात. ह्यात खेड्याचा लाभच आहे. आमच्या ओळखीच्या एका तरुण कारकुनाने ह्या शनिवार-रविवारांच्या बळावर दीड एकर डाळिंब उभे केले. त्यास आम्ही काय म्हणून दोष द्यावा?

दोष द्यावयाचा तर तो शुक्रवारच्या दुपारीस व सोमवारच्या सकाळीस द्यावा. सहा दिवसांचा आठवडा होता तेव्हाही शेवटच्या दिवशी दुपारनंतर टेबलावर माणूस सापडणे कठीण असे. हे आम्ही आतून पाहिलेले आहे आणि क्वचित आम्हीही त्यातलेच होतो. आता ती दुपार शुक्रवारवर सरकली आहे. सोमवारी गाडी उशिरा आली, बैठक आहे, अशा कारणांनी अकरा-साडेअकरा होतात. अशा रीतीने कागदावरचे पाच दिवस शेतकऱ्याच्या पदरी पडेपर्यंत चार होतात.

निवृत्त झाल्यावर आम्हास ह्याचा प्रत्यय आला. आमचे थोरले बंधू वारल्यानंतर वारसांच्या नोंदीसाठी आम्ही एका कचेरीत गेलो. ती कोणती हे सांगण्याचे प्रयोजन नाही. पहिल्या खेपेस शुक्रवार होता, तीन वाजले होते. संबंधित गृहस्थ जिल्ह्यास बैठकीस गेल्याचे शिपायाने सांगितले. दुसऱ्या खेपेस सोमवार. बाकावर बारा वाजेपर्यंत बसून परत आलो. तिसऱ्या खेपेस, गुरुवारी, दहा मिनिटांत काम झाले, आणि त्या गृहस्थांनी मोठ्या अगत्याने चहाही पाजला. काम दहा मिनिटांचे होते व आम्हास रीत ठाऊक होती, तरी तीन दिवस गेले. सोमवारी बाकावर शेजारी बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हास ओळखले. तो म्हणाला, “भाऊसाहेब, आता कागदाचा वार निराळा आन् बाजाराचा वार निराळा. तुमच्या वेळंला बाजार करता करता काम व्हायचं.” आमच्या वेळेस ते तितके सुरळीत होत होते असे नाही, हे त्यास सांगण्याचा आम्हास धीर झाला नाही.

कोणी म्हणेल की, आता सर्व घरबसल्या होते, कचेरीत जावयाचेच कशास? ह्यात तथ्य आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा संगणकावर मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीने पेऱ्याची नोंद शेतकऱ्याच्या हाती दिली. उताऱ्यासाठी होणारे हेलपाटे ह्यामुळे खरोखरच कमी झाले. परंतु जे कागद यंत्रातून निघतात ते तंट्याचे नसतात. जेथे फेरफारास हरकत आली आहे, जेथे वारसांत एकाचे नाव गळाले आहे, जेथे बांधाची मोजणी पुन्हा करावयाची आहे, जेथे जुना हस्तलिखित फेरफार दप्तरातून शोधून काढावयाचा आहे, तेथे माणसासच जावे लागते. सोपी कामे यंत्राने नेली. कचेरीच्या बाकावर जे उरले ते अडलेले व बहुधा गरीब लोक होत. म्हणून दार उघडे असण्याचे महत्त्व यंत्रामुळे कमी झाले नाही, ते ज्यांस दुसरा उपाय नाही त्यांच्यापुरते वाढले आहे.

परदेशांतही हा प्रयोग होऊन गेलेला आहे. अमेरिकेतील युटा नावाच्या राज्याने ऑगस्ट २००८ मध्ये सरकारी कचेऱ्या शुक्रवारी बंद ठेवून सोमवार ते गुरुवार रोज दहा तास काम सुरू केले. हेतू विजेच्या व इंधनाच्या बचतीचा होता. अपेक्षेइतकी बचत झाली नाही, शुक्रवारी दार बंद म्हणून लोकांची कुरकुर झाली, आणि २०११ मध्ये तेथील विधिमंडळाने राज्यपालाचा नकार डावलून पाच दिवसांचा आठवडा परत आणविला. तेथेही एकूण तास घटविलेले नव्हते, तरी लोकांस बंद दार खुपलेच. दुसरे उदाहरण आपणांस अधिक जवळचे. आफ्रिकेतील गांबिया हा भुईमुगावर जगणारा लहानसा देश. तेथील अध्यक्षांनी १ फेब्रुवारी २०१३ पासून सरकारी कचेऱ्यांस शुक्रवारची सुटी दिली, ती प्रार्थनेसाठी व लोकांस आपली शेते पाहता यावीत म्हणून. शेतीसाठी सुटी, ह्याहून गोड कारण कोणते? तरी २०१७ मध्ये नवे अध्यक्ष आले व त्यांनी शुक्रवारी अर्धा दिवस काम पुन्हा सुरू केले.

आपल्याकडे मात्र हे माप कोणी घेतलेच नाही, व त्याचे कारणही चमत्कारिक आहे. नियम अमलात आला २९ फेब्रुवारी २०२० रोजी. पुढे महिना लोटतो न लोटतो तोच मार्चच्या अखेरीस साथीमुळे सारा देश बंद झाला. त्या वर्षी कचेरी पाच दिवस उघडी की सहा दिवस, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. पुढे सर्व पूर्ववत झाले तेव्हा बंद शनिवार हा जणू पूर्वापार चालत आलेला आहे अशी सर्वांची समजूत होऊन गेली होती.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, कारकुनाचा आठवडा खुशाल पाच दिवसांचा असावा, परंतु शेतकऱ्यांची वर्दळ असलेल्या कचेरीचा आठवडा सहा दिवसांचा असावा. पाळी लावून एक-चतुर्थांश मंडळींनी शनिवारी यावे व त्याबद्दल पुढील आठवड्यात दुसरा दिवस सुटी घ्यावी. ह्यावर आमचे जुने सोबती काय म्हणतील ते आम्ही जाणतो. एका टेबलास एकच माणूस, कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात, काही जागा रिकाम्या, तलाठ्याकडे दोन-दोन सजांचा भार. पाळी लावावयाची कोणाची? हा आक्षेप खोटा नाही. म्हणून सर्व टेबले उघडण्याचा हट्ट आम्ही धरीत नाही. बारनिशी, नकलांचा कक्ष व फेरफाराची चौकशी ही तीन उघडी राहिली तरी बाजारकऱ्यांची बरीचशी कामे होतील, आणि तेवढ्यास तीन-चार माणसे पुरतात.

सर्व तालुक्यांस हा उपाय नको, हेही खरे. जेथे बाजार मंगळवारी वा गुरुवारी भरतो तेथे कचेरी त्या दिवशी उघडीच असते. तेथे सुनावणीच्या तारखा बाजाराच्या दिवशी ठेवाव्यात एवढेच मागता येईल. जेथे बाजार शनिवारी किंवा रविवारी आहे तेथील प्रश्न निराळा. उरूस, जत्रा अशा कारणांसाठी वर्षातून काही दिवस स्थानिक सुटी देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस असतो. स्थानिक कारणासाठी कचेरी मिटविता येते, तर स्थानिक कारणासाठी ती उघडता का येऊ नये, ही गोष्ट आम्हास बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी समजावून दिली नाही.

असे मागणे नुसत्या तोंडाने केले तर दाद लागणार नाही, कारण शासनापाशी २,११२ तासांचा आकडा आहे व आपल्यापाशी कोणताच आकडा नाही. ह्यास्तव आमची सभासदांस सूचना अशी की, येत्या खरिपाच्या पेरणीपासून रब्बीची काढणी होईपर्यंत प्रत्येकाने घरात एक वही ठेवावी. तीत पाच रकाने आखावे: तारीख व वार, कोणत्या कामासाठी गेलो, काम झाले किंवा नाही, व नसल्यास कारण, गाडीभाडे व इतर खर्च, त्या दिवशी शेतावरचे कोणते काम राहिले. कचेरीतील कोणाचे नाव लिहू नये. काढणीनंतर ह्या वह्या संघाच्या कचेरीत आणून द्याव्यात. बेरजा मारण्याचे काम आम्ही करू, त्याची आम्हास सवय आहे.